गिअर टाकताना आवाज येतोय? गॅरेजला जाण्याआधी हे करून बघा



एक-दोन टेम्पोवर धंदा चालवणाऱ्यांसाठी आपण जी मालिका करतोय, तिचा हा भाग आवाजाचा आहे. व्हिडिओत आवाज ऐकता येतो, पण कुठली चाचणी कधी करायची हे लिहिलेलं हाताशी असलं की बरं पडतं.

"गिअरबॉक्स खोलावा लागेल" हे ऐकलं की टेम्पोवाल्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो फक्त पार्टच्या किमतीमुळे नाही. समजा डिझेल आणि ड्रायव्हर जाऊन तुमच्या हातात दिवसाला १,५०० रुपये उरतात. गाडी चार दिवस उभी राहिली, तर एकही पार्ट न बदलता ६,००० रुपये गेले. बँकेचा हप्ता काही थांबत नाही. आणि दुसऱ्या गाडीवाल्याने त्या चार दिवसांत तुमचं गिऱ्हाईक सांभाळलं, तर ते परत येईलच असं नाही. म्हणून खोलायचं की नाही हे ठरवण्याआधी अर्धा तास द्या.

पहिलं काम, गाडी जागेवर उभी ठेवा. हँडब्रेक ओढा, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला. आता कान द्या. घरघर येत असेल तर क्लच हळूहळू दाबा. दाबल्यावर घरघर बंद झाली, तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर जातो. क्लच सोडलेला असताना इंजिन गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरवत असतं, दाबला की तो थांबतो आणि आवाजही थांबतो. याच्या उलट, पाय काढलेला असताना शांत आणि क्लच दाबला की किर्रर्र, तर बहुतेक वेळा रिलीज बेअरिंग. ते गिअरबॉक्सच्या बाहेर असतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही. उतरवणं आणि खोलणं या दोन शब्दांत बिलाचा मोठा फरक आहे, तो मेकॅनिकशी बोलताना विसरू नका.

क्लचवर कायम पाय ठेवून गाडी चालवणारा ड्रायव्हर असेल तर रिलीज बेअरिंग लवकर जातं. त्याला एकदा शांतपणे समजावून सांगा, ओरडून ती सवय जात नाही.

आता खर्रर्र आवाजाकडे येऊ, तक्रार सगळ्यात जास्त याचीच असते. पहिला प्रश्न एकच: एकाच गिअरला होतं की सगळ्या?

सगळ्या गिअरला होत असेल, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी क्लच बघा. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनवर लोण्यासारखे पडतात आणि चालू केलं की खरखरतात, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. खात्रीसाठी, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे घाईत टाकला तर चांगल्या गाडीतही खर्र होतं. पण थांबूनही खर्र झालं, तर क्लच वायर सैल झाली आहे का बघा. हायड्रॉलिक क्लच असेल तर ऑइलची पातळी, गळती आणि लाइनमधली हवा तपासून घ्या. वायर ओढून घेणं किंवा हवा काढणं हे बहुतेक वेळा थोड्या वेळाचं काम असतं. नेमकं इथेच घाबरून लोक मोठ्या कामाला होकार देतात.

एकाच गिअरला खर्र होत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते. त्याची चाचणी जुन्या ट्रक ड्रायव्हरांना माहीत आहे: डबल क्लच. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, परत दाबा आणि तिसरा टाका. असं केल्यावर खर्र गेलं, तर वेग जुळवण्याचं रिंगचं काम तुमच्या पायाने केलं आणि रिंगवरचा संशय पक्का झाला. गिअर पडल्यावर आपोआप बाहेर उडी मारत असेल, तर मात्र वाट बघू नका. भरलेली गाडी चढावर असताना ते फार महागात पडतं.

खट्ट असा एकच ठोका, तोही क्लच सोडताना किंवा अॅक्सिलरेटर सोडून परत दाबताना? मागच्या चाकांवर चालणाऱ्या टेम्पोत आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघा. सपाट जागा, इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून दगड, गिअर न्यूट्रल. मग शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना फिरवून बघा. डिफरेन्शियलचा थोडा खेळ असतोच, पण क्रॉसच्या कपात हालचाल दिसली तर क्रॉस गेला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, मालक असो की हेल्पर. क्रॉस ठीक असेल तर इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर तपासायला सांगा.

(मोटरसायकलवाल्यांसाठी: पहिला गिअर टाकताना हलका खट् आवाज येणं साधारणपणे नॉर्मल आहे. त्या गिअरबॉक्सची रचनाच वेगळी असते.)

ऑइलबद्दल थोडं. गिअर ऑइल काढाल तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळपट, मऊ लगदा दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे तुकडे आले तर खोलायला सांगा. आणि ऑइल भरताना गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेडच भरा. जीएल-४ सांगितलंय तिथे "हे जास्त भारी आहे" म्हणून जीएल-५ भरलं, तर काही जीएल-५ ऑइलमधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत.

आता मेकॅनिककडे जा, पण "गिअर आवाज करतोय" असं सांगू नका. असं सांगा: "दादा, न्यूट्रलला क्लच सोडला की घरघर येते, दाबला की बंद होते. खट्ट होत नाही. गिअर सगळे नीट पडतात." कामाचा अंदाज तीन भागांत मागा: उतरवण्याची मजुरी, नक्की बदलायचे पार्ट, आणि खोलल्यावर खराब निघाले तरच बदलायचे पार्ट. तिसऱ्या भागासाठी "आधी फोटो पाठवा, मग बदला" हे आधीच ठरवून घ्या. जुने पार्ट परत मागा.

फक्त एका ठिकाणी पैसे वाचवू नका. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरलाच आहे, तर रिलीज बेअरिंगही त्याच वेळी नवीन टाका. नंतर तेच बेअरिंग बदलायला गेलात, तर उतरवण्याची मजुरी पुन्हा आणि गाडी पुन्हा उभी.