पोट्ट्यांना जर्मन मराठीतून शिकव

अगं, जर्मनच्या ए-वनला वर्ग गच्च भरतो आणि ए-टू येईस्तोवर अर्ध्या पोट्ट्या गळतात, म्हणून तू कालपासून तोंड पाडून बसली आहेस. तुझ्या शिकवण्यात खोट नाही गं. पण तू त्यांना रोज काय सांगतेस? पगार, युरो, व्हिसा. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 10,000 कुशल माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून जर्मनीचं नाव निघालं की आधी आकडाच निघतो. नर्सला तिथे साधारण बी-टू लागतं, म्हणजे चार पायऱ्या. दर्यापूरहून एसटीने येणाऱ्या पोरीला दुसऱ्या महिन्यात तो पगार दिसेनासा होतो, दिसतं फक्त डेर-डी-डास. त्यापेक्षा आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला कबड्डी दाखवून आली, ते सांग. अमरावतीच्या पोरीला बर्लिन काही परकं नाही.

आता ते डेर-डी-डास, म्हणजे नामाची तीन लिंगं. (डास म्हटलं की वर्ग हसतच असेल.) तुझं पुस्तक इंग्रजीतून समजावतं आणि इंग्रजीला निर्जीव वस्तूचं लिंग म्हणजे संकट. आपल्याला काहून वाटावं? तो चमचा, ती सुरी, ते ताट, हे कोणी पाठ करून घेतलं होतं का आपल्याकडून? त्यांच्याकडे चमचा डेर, काटा डी आणि सुरी डास. आपली बाईमाणूस सुरी तिकडे नपुंसकलिंगी झाली, यावर पोट्ट्यांना खुशाल खिदळू दे. खिदळल्या की विसरत नाहीत. विभक्त्या त्यांच्या चार, आपल्या शाळेच्या व्याकरणात आठ. आणि 'मला माहीत आहे की तो उद्या येतो' हे वाक्य फळ्यावर लिहून 'की'पासून पुढे जर्मन मांड. की, तो, उद्या, येतो. शब्दाखाली शब्द बसतो, क्रियापद शेवटी. इंग्रजीतून आलेल्यांना इथेच घाम फुटतो.

बोलणं मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू कर. इर्विन दवाखान्यात ड्युटी करणारी पोरगी दिवसभर 'मावशी, कुठं दुखते?' असं विचारतच असते. तेच जर्मनमध्ये विचारू दे. एक मावशी होईल, एक नर्स. डोकं, पोट, गुडघा, जे दुखायचं ते दुखू दे. मधेच थांबवून चूक काढू नकोस. वाक्य पुरं झालं की तेच तू नीट म्हणून दाखव.

परीक्षेचं एक त्यांना ठाऊक नसतं. मॅक्सम्युलर भवनाच्या बी-वन, बी-टू परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग वेगवेगळे देता येतात. ऐकण्यात राहिली तर तेवढंच पुन्हा. रात्रभर गाडीत बसून पुण्याला गेलेली पोरगी एका भागात राहून परतली की घरी 'पुरे झालं आता' सुरू होतं. म्हणून हे तिच्या आईबापाला आधीच बोलावून सांग, आणि तूच सांग. पोरीचं म्हणणं ते ऐकणार नाहीत.

आणि 'भाषेचं नंतर बघू, आधी पैसे भरा' म्हणणारा एजंट वर्गात आला, तर बाई, त्याला दारातूनच परत धाड.