एम.ए.चे क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात का?

शाळेच्या बातमीपत्रात एम.ए., एम.एस्सी.चा विषय कशाला, असे काही पालकांना वाटेल. पण निकालानंतर आमचे माजी विद्यार्थी मार्कशीट घेऊन शाळेत येतात, तेव्हा हा प्रश्न निघतोच. लग्न होऊन इंदूरहून पुण्याला किंवा बडोद्याला जाणाऱ्या मुली तर हमखास विचारतात.

काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी एम.एस्सी.चे पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पास होऊन लग्नानंतर दुसऱ्या राज्यात गेली. मायग्रेशन सर्टिफिकेट जवळ होते, म्हणून दुसऱ्या वर्षाला सरळ प्रवेश मिळेल असे तिने गृहीत धरले. तेथे उत्तर मिळाले, पहिल्यापासून सुरुवात करा. तिने शिक्षणच सोडले. मायग्रेशन हा जुन्या विद्यापीठाचा दाखला आहे, नव्या विद्यापीठाने आपला अभ्यास मान्य केल्याचा नव्हे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

2021 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम काढले. क्रेडिट म्हणजे श्रेयांक, एखाद्या विषयाच्या अभ्यासाचे माप. आठवड्याला एक तास व्याख्यान, असे एक सत्र झाले की साधारण एक क्रेडिट होतो. हे क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. ते विद्यापीठच जमा करते, आपण स्वतः भरू शकत नाही. ते जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात, आणि एकदा पदवीसाठी वापरले की खात्यातून वजा होतात. शाळेत ‘अपार’ क्रमांकासाठी आम्ही पालकांची संमती घेतो, तो 12 अंकी क्रमांक पुढे याच खात्याला उपयोगी पडतो. फॉर्मवर नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणेच लिहा असे आम्ही वारंवार सांगतो, ते उगीच नाही.

खरी मेख पुढे आहे. ज्या विद्यापीठाची पदवी घ्यायची, तेथे किमान 50 टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. समजा दोन वर्षांचे एम.ए. 80 क्रेडिटचे आहे. पहिल्या वर्षानंतर 40 क्रेडिट घेऊन गेलात तर उरलेले 40 तेथे होतात, हिशेब जमतो. तीन सत्रे करून 60 घेऊन गेलात तर तेथे 20 च उरतात. म्हणजे 20 क्रेडिटची मेहनत जवळजवळ पाण्यात!

शिवाय खात्यात क्रेडिट आहेत म्हणून प्रवेश मिळालाच असे नाही. नवे विद्यापीठ दोन्हीकडचे पेपर ताडून पाहते, आणि जागाही रिकामी असावी लागते. म्हणून जुने विद्यापीठ सोडण्यापूर्वीच प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम विभागाच्या सही-शिक्क्यानिशी घ्यावा, तो नव्या विद्यापीठात दाखवावा आणि कोणते पेपर मान्य होतील ते लेखी मागावे. तोंडी ‘हो जाएगा’वर आम्ही तरी विसंबणार नाही. हे पत्र हाती आल्यावरच मायग्रेशनचा अर्ज द्यावा. अर्ज लिहिताना अडचण आली तर माजी विद्यार्थ्यांनी शाळा सुटल्यावर कार्यालयात यावे, आम्ही बसून लिहून देऊ.