ओसाड चौकातील नाटक

ऑगस्ट २००५ मध्ये 'कॅटरिना' चक्रीवादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स शहरास झोडपले. पूररोधक बांध फुटले व सुमारे ८० टक्के नगर जलमय झाले. दोन वर्षे लोटली, तरी लोअर नाइन्थ वॉर्डातील कित्येक घरे ओसाडच होती.

कलावंत पॉल चॅन तेथे जाऊन राहिले. त्यांनी विद्यापीठांत शिकविले, रहिवाशांशी विचारविनिमय केला. नोव्हेंबर २००७ मध्ये तेथील उजाड चौकातच सॅम्युअल बेकेट यांचे 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक विनामूल्य झाले. त्यातील दोघे कधीही न येणाऱ्या गोदोची वाट पाहत राहतात. साहाय्याची वाट पाहून थकलेल्या प्रेक्षकांस ही कथा आपलीच वाटावी, यात नवल ते काय?

नुसत्या नाटकाने पडकी घरे उभी राहत नाहीत. म्हणून स्थानिक संस्थांसाठी निधीही उभारण्यात आला. मुलांनो, ज्यांचे दुःख मांडावयाचे, त्यांच्यात आधी मिसळावे, हेच खरे!