पुसलेले छायाचित्र खरेच पुसले जाते काय?

स्नेहसंमेलनाची छायाचित्रे चुकून पुसली गेली, की आपण हळहळतो आणि त्याच कार्डावर नवी घेऊ लागतो. खरे नुकसान होते ते इथेच. कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड ग्रंथालयासारखे असते. 'डिलीट' करताच बहुधा सूचीतील नोंद तेवढी रद्द होते. पुस्तक कपाटातच राहते. मात्र ती जागा मोकळी समजली जाऊन तेथे नवे छायाचित्र बसू शकते. म्हणून प्रथम कार्ड बाहेर काढावे. मग ते कार्ड-रीडरने संगणकास जोडून 'फोटोरेक'सारखा मोफत प्रोग्रॅम चालवावा. तो सूचीवर विसंबत नाही. जेपेग चित्राच्या आरंभीची ठरावीक खूण शोधतो. सापडलेली चित्रे त्याच कार्डावर नव्हे, संगणकावर उतरवावीत. घाई टाळली, तर गेलेले बरेचसे परत मिळू शकते.