भावाच्या शेतावरचे गहाण

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय 5 वा



हा धडा धारणीच्या बाजूच्या मंडळ्यांनी पावसाळ्याच्या तोंडी घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्या दिवसांत आपल्या कोरकू बांधवांच्या घरची कोठी रिकामी झालेली असते, बी-बियाण्यास पैसा लागतो, आणि ज्याच्या घरी दोन पोती शिल्लक आहेत त्याच्या दारी उसने मागणारा येऊन उभा राहतो. उपदेशकांनी प्रथम सबंध अध्याय सावकाश वाचून दाखवावा. तो लहानच आहे.

यरुशलेमाचा कोट बांधण्याचे काम चालू होते. शत्रू बाहेर टपलेले होते. परंतु ह्या अध्यायातील आरडाओरड शत्रूविषयी नाही. गरीब लोक व त्यांच्या बायका आपल्याच यहूदी भावांविरुद्ध आक्रोश करीत आहेत. दुष्काळात धान्य मिळावे म्हणून कोणी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकिली होती. कोणी राजाचा सारा भरावयास कर्ज काढिले होते. आणि कित्येकांच्या मुली तर दास्यात गेल्याही होत्या. बायकांचा उल्लेख पहिल्याच ओळीत आहे, तो सोडून देऊ नये. घरात पीठ नाही हे घरधन्याच्या आधी कोणास कळते, हे वर्गातील भगिनींस विचारावे.

आता हे आपल्याकडे कसे घडते ते पाहा. दिढीची रीत वऱ्हाडात जुनी आहे. ज्येष्ठात दोन पोती ज्वारी घेतली तर पीक निघताच तीन द्यावयाची. पीक बुडाले तर ती तीन पोती मुद्दल होतात, व पुढच्या वर्षी साडेचार द्यावी लागतात. त्याच्या पुढील वर्षी पावणेसात. फळ्यावर हा हिशेब मांडून दाखवावा. घेणाऱ्याने तीन वर्षांत एक दाणाही अधिक खाल्ला नाही, तरी दोन पोत्यांची जवळजवळ सात झाली! मग शेत लिहून देण्यावाचून गती राहत नाही.

ह्याच जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे, 1876 साली जन्मलेले डेबूजी जानोरकर, ज्यांस पुढे सर्व महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणू लागला, ते मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढले. त्या मामांची जमीन सावकारी कर्जात गेली, आणि तरुण डेबूजी त्या सावकारास न भिता आडवे उभे राहिले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत आहे. पुढे त्यांनी धनवानांच्या देणग्यांतून मोठमोठ्या धर्मशाळा उभारिल्या. स्वतःजवळ मात्र एक मडके व एक खराटा एवढेच ठेविले. ते आपल्या मंडळीतले नव्हते. तरी त्यांच्या चरित्रापासून शिकण्यास आपणांस संकोच कशाचा?

असा अन्याय फार साचला म्हणजे काय होते, हे पुणे जिल्ह्यातील सुपे गावाने 12 मे 1875 रोजी दाखविले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. भाव उतरताच तगादे लागले. शेवटी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे जाळिले, व दंग्याचे लोण गावोगाव पसरले. त्यानंतर 1879 साली सरकारने कायदा करून कर्जाचा मागील हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. नहेम्याच्या शहरात रोखे जाळावे लागले नाहीत. का, ते पुढे पाहू.

नहेम्यास फार राग आला. परंतु तो लागलाच बोलला नाही. त्याने आधी मनाशी विचार केला, मग सरदारांस व अधिकाऱ्यांस तोंडावर दोष दिला, आणि मोठी सभा भरविली. परराष्ट्रांस विकलेले आपले बांधव आम्ही सोडवून आणितो आणि तुम्ही त्यांस पुन्हा विकिता काय, असे त्याने विचारिले. त्यांस उत्तर सुचले नाही. ह्यापुढचे वाक्य मला सर्वांत जड वाटते. मी, माझे भाऊ व माझे चाकरही पैसा व धान्य कर्जाऊ देत आहोत, असे तो भरसभेत कबूल करितो. सुधारणा दुसऱ्याच्या वहीपासून सुरू करणारे पुष्कळ असतात. त्याने स्वतःची वही आधी उघडली.

येथे मलाही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी एका बंधूने मुलाच्या आजारपणात मजकडून काही रुपये नेले व पत्नीची चांदीची कडी मजजवळ ठेविली. मी व्याज घेतले नाही, म्हणून स्वतःस भला समजत होतो. दोन वर्षे ती कडी माझ्या पेटीत होती, आणि तेवढे दिवस ती भगिनी नातलगांच्या लग्नास गेली नाही, हे मला फार उशिरा कळले. मी कडी परत केली. तिने ती पदरात बांधली, पण माझ्याकडे पाहिले नाही.

नहेम्याने धनवानांपाशी दान मागितले नाही, हे शिक्षकांनी स्पष्ट करावे. शेते, मळे, घरे आजच्या आज परत करा, आणि पैसा व धान्य ह्यांवर घेतलेला शंभरावा हिस्साही परत द्या, असे त्याने सांगितले. ते कबूल झाले, तरी त्याने याजकांस बोलावून शपथ घेवविली. नुसत्या शब्दावर त्याने विसंबून राहू नये, हे त्यास ठाऊक होते! आपल्या राज्यातही परत करण्याचा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा 2014 च्या सावकारी नियमन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, आणि सावकारीच्या व्यवहारात पंधरा वर्षांच्या आत गेलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करिता येतो. त्याआधी 1975 च्या एका कायद्याने आदिवासींच्या 1957 ते 1974 ह्या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी परत देण्याची तरतूद झाली होती. अर्ज लिहिता न येणाऱ्या बंधूस तो लिहून देणे, हे उपदेशकाचे काम आहे.

आपल्यात सरदार कोण, असे कोणी हसून म्हणेल. परंतु ज्यास दरमहा पगार मिळतो तो शिक्षक, ज्याच्या दारी बैलजोडी आहे तो शेतकरी, ज्याचा माल धारणीच्या बाजारात विकला जातो तो दुकानदार, हे त्या दोन पोती मागणाऱ्याच्या दृष्टीने धनवानच आहेत. पाळकही त्यांतच आला.

शेवटची वचने मुलांकडून वाचवून घ्यावी. नहेम्या बारा वर्षे अधिपती होता. पूर्वीच्या अधिपतींचा हक्काचा भत्ता त्याने घेतला नाही, दीडशे माणसे त्याच्या पंक्तीस जेवीत, आणि त्या काळात त्याने एकही शेत विकत घेतले नाही. दुष्काळात शेत स्वस्त मिळते, हे त्यास कळत नव्हते असे नाही. त्याने ते का घेतले नसावे, हा प्रश्न वर्गात विचारून थोडा वेळ गप्प राहावे, आणि पीक निघाल्यावर जेवढ्यास तेवढे परत घेणारी धान्याची कोठी आपल्या मंडळीत ठेविता येईल काय, हे त्याच बैठकीत वडीलजनांपुढे मांडावे.