‘लाइव्हली’ : एका इंग्रजी विशेषणाची ओळख



आपल्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका मुलीने फळ्यावर वाक्य लिहिले – ‘माय ग्रँडफादर इज स्टिल लाइव्हली.’ तिला म्हणायचे होते, आजोबा अजून हयात आहेत. वर्ग हसला. त्यानंतर दोन रविवार ती मुलगी काही बोललीच नाही. म्हणून या शब्दाचा नीट विचार करू.

‘अलाइव्ह’ म्हणजे जिवंत, हयात. ‘लाइव्हली’ म्हणजे उत्साही, चैतन्याने भरलेला. त्या मुलीचे वाक्य व्याकरणदृष्ट्या अचूकच होते. फक्त त्याचा अर्थ ‘आजोबा अजूनही उत्साही आहेत’ असा होतो. विशेष म्हणजे जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘जिवंत’ असाच होता. म्हणजे तिची चूक हसण्यासारखी नव्हती.

मराठीत या विशेषणाला एकच प्रतिशब्द पुरत नाही. ‘लाइव्हली चाइल्ड’ म्हणजे चुणचुणीत मूल, ‘लाइव्हली माइंड’ म्हणजे तल्लख बुद्धी, ‘लाइव्हली मार्केट’ म्हणजे आपल्या आठवडी बाजारासारखा गजबजलेला बाजार आणि ‘लाइव्हली डिस्कशन’ म्हणजे रंगलेली चर्चा. सोबतच्या नामाकडे पाहूनच अर्थ लावावा.

आता दोन नियम. पहिला : शेवटी ‘ली’ आहे म्हणून हा शब्द क्रियाविशेषण समजू नये. ‘फ्रेंडली’, ‘लोनली’ यांप्रमाणे हे विशेषण आहे. ‘ही स्पीक्स लाइव्हली’ असे न लिहिता ‘ही स्पीक्स इन अ लाइव्हली वे’ असे लिहावे. तुलनेसाठी ‘लाइव्हलियर’ व ‘लाइव्हलिएस्ट’ ही रूपे आहेत. दुसरा : ‘अलाइव्ह’ नामाआधी येत नाही. ‘ॲन अलाइव्ह मॅन’ चूक. ‘द मॅन इज अलाइव्ह’ बरोबर. ‘लाइव्हली’ मात्र दोन्ही ठिकाणी चालते.

‘लाइव्हली डिस्कशन’चे उत्तम उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन रथासारखे साधे दृष्टान्त देऊन उत्तरे देतात. राजा शंका घेतो म्हणून नागसेन रागावत नाहीत आणि राजालाही विचारण्याची लाज वाटत नाही. पूज्य बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसराला ‘नागसेनवन’. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचाही तो सन्मान आहे.

आपल्या घरांत मात्र काय होते? मुलगा प्रश्न विचारतो तेव्हा ‘हुशार’ ठरतो. मुलीने तोच प्रश्न विचारला तर ती ‘आगाऊ’. इंग्रजीत दोघांनाही ‘लाइव्हली’ हेच विशेषण लागते. माता-पित्यांनी याचा विचार करावा.

धम्मपदाचा दुसरा वग्ग अप्पमादवग्ग आहे. अप्पमाद म्हणजे जागरूकता. श्वास चालू आहे म्हणून माणूस ‘अलाइव्ह’ असतो. ‘लाइव्हली’ होण्यासाठी मन जागे लागते. तेव्हा मित्रहो, चुकीचे इंग्रजी बोला, पण बोला. चूक सुधारता येते. गप्प बसलेल्याची चूक कळतच नाही. आणि पुढच्या रविवारी कोणी चुकले, तर हसण्याऐवजी त्याला प्रश्न विचारा.

जय भीम!