शंका-समाधान : अतिवृष्टीचे अनुदान

प्रश्न : चार एकर सोयाबीन सप्टेंबर 2025 च्या पावसात पाण्याखाली गेले. खात्यावर फक्त 13,600 रुपये आले. एवढ्यात बियाण्याचा खर्चही निघत नाही. माझी नोंद चुकीची तर झाली नाही ना? (एक शेतकरी, जि. धाराशिव)

उत्तर : नोंद बरोबर दिसते. जिरायत (पावसावरच्या) पिकाला हेक्टरी 8,500 रुपये असा दर आहे. चार एकर म्हणजे सुमारे 1.6 हेक्टर, म्हणून 13,600. बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक फळबागेला 22,500 रुपये हा दर आहे. शेजाऱ्याला जास्त मिळाले असेल, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

ही मदत पुन्हा उभे राहण्यासाठी आहे, ती पूर्ण भरपाई नाही. त्यामुळे तुमची चणचण अगदी खरी आहे. रब्बीच्या बियाण्यासाठी जाहीर झालेले हेक्टरी 10,000 रुपये वेगळे मिळतात. ते आले का, हे पासबुकात पाहा. जमीनच खरडून गेली असेल, तर तिची मदत स्वतंत्र असते. पंचनाम्यात (जागेवर केलेल्या नुकसानीच्या नोंदीत) तसा उल्लेख आहे का, हे तलाठ्याकडे तपासा.

प्रश्न : गावात सगळ्यांचे पैसे आले, माझेच नाहीत. कोणी मुद्दाम नाव कापले असेल का? रात्री झोप लागत नाही. (एक भगिनी, जि. बीड)

उत्तर : ताई, असा निष्कर्ष इतक्यात काढू नका. आधी यादीत नाव पाहा. नाव असेल, तर त्यापुढचा विशिष्ट क्रमांक टिपून घ्या आणि आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) बाकी आहे का, ते विचारा. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. म्हणून जुन्या, विसरलेल्या खात्याचे पासबुकही भरून घ्या.

यादीत नावच नसेल, तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. सातबारा व पिकाचे फोटो जोडा आणि पोच घ्या. पिकाचे नुकसान 33 टक्क्यांहून कमी नोंदले गेले असेल, तर मदत मिळत नाही. तसे झाले आहे का, हेही अर्जात विचारा.

प्रश्न : पीककर्ज थकले आहे. आलेले अनुदान बँक कापून घेईल का?

उत्तर : मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असे शासन निर्णयात बजावलेले असते. तरीही रक्कम वळती झाली, तर शाखा व्यवस्थापकांना लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत तहसीलदार व जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक (जिल्ह्यातील बँकांचा समन्वय पाहणारे अधिकारी) यांना द्या. कर्ज मात्र कायम राहते. त्याच्या पुनर्गठनाबद्दल (हप्ते नव्याने बांधून घेण्याबद्दल) बँकेशी वेगळे बोला.

प्रश्न : वडील वारले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. आमची मदत बुडाली का?

उत्तर : नाही, पण वारस नोंदीला उशीर करू नका. मृत्यूचा दाखला व वारसांचे प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या. रक्कम वडिलांच्या खात्यात आली असेल, तर त्यांच्या कार्डाने ती काढू नका. आधी बँकेला कळवा. सर्व भावंडांची संमती असेल, तर संमतीपत्र देऊन रक्कम एकाच्या खात्यात घेता येते. वाटणीवरून वाद असेल, तर मात्र सेवा केंद्र किंवा एजंट यांच्या भरवशावर राहू नका. तिथे वकिलाचाच सल्ला घ्यावा लागेल. फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीसाठी अर्ज करा.